डोंगरात घोडे मोजू नका, गियर बघा

पावसाळ्यातल्या सोमवारी सकाळी गिरगावातल्या, नाही तर परळच्या एखाद्या वाडीच्या तोंडाशी लाल चिखलानं माखलेली महिंद्राची थार उभी दिसली, की तिच्याभोवती दोन पक्ष हमखास पडतात. एक म्हणतो, डोंगरात जायचं तर हीच. दुसरा म्हणतो, मारुतीची जिम्नी निम्म्या खटपटीत तिथंच पोचते. तिसरा मध्येच गुरखाचं नाव काढतो आणि दोघांनाही गप्प करतो. हा वाद बहुधा अश्वशक्तीवर सुरू होतो आणि किमतीवर संपतो. सह्याद्रीला मात्र या दोन्ही आकड्यांशी फारसं देणंघेणं नसतं.

माझगावची पुण्याई

या वादाची पाळंमुळं मुंबईतच आहेत. दुसऱ्या महायुद्धात नाव कमावलेल्या विलीज जीपच्या ७५ गाड्यांची पहिली खेप महिंद्रांनी १९४७ मध्ये सुट्या भागांच्या रूपात आणली. १९४९ मध्ये माझगावच्या कारखान्यात भारतात जुळवलेली पहिली जीप बाहेर पडली. म्हणजे देशातल्या डोंगरी गाड्यांचं बारसं लालबागपासून हाकेच्या अंतरावर झालेलं आहे.

त्या युद्धकालीन जीपच्या इंजिनाची ताकद होती अवघी ६० अश्वशक्ती. आज ऑफिसला जायला घेतलेली साधी हॅचबॅकही त्याहून जोरदार असते. तरीही जीप जिथं चढली तिथं हॅचबॅक चढत नाही, याची कारणं चार. जीपचं वजन जेमतेम टनाच्या वर. पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर फक्त ८० इंच. ताकद चारही चाकांना. आणि सगळ्यात महत्त्वाचा, गियरच्या दांड्याशेजारचा तो दुसरा छोटा दांडा, म्हणजे ‘फोर लो’.

फोर लोमध्ये इंजिन आणि चाकं यांच्यामध्ये आणखी एक गियर येतो. थारमध्ये त्याचं प्रमाण २.४८ आहे, जिम्नीत साधारण २. इंजिनाच्या फेऱ्या तेवढ्याच राहतात, पण थारची चाकं जवळजवळ अडीचपट सावकाश फिरतात आणि चाकांवरचा जोर त्याच प्रमाणात वाढतो. गाडी माणसाच्या चालीनं, क्लच न जाळता, दगडावरून दगडावर जाते. डोंगरातली ताकद ही अशी कमी वेगातली ताकद असते.

चढाचं गणित

२० अंशांचा चढ घ्या. नकाशावर हा आकडा किरकोळ वाटतो, काचेतून मात्र समोर नुसतं आभाळ दिसतं. अशा चढावर गाडीच्या वजनाचा सुमारे एक तृतीयांश भाग तिला मागं ओढत असतो. पावणेदोन टनांच्या थारला हा ओढा जवळपास ६०० किलोचा, तर १२०० किलोच्या जिम्नीला ४१० किलोचा. समोर उभं राहायला थारच्या २.२ लिटर डिझेलकडे ३०० न्यूटन मीटर टॉर्क आहे, जिम्नीच्या १.५ लिटर पेट्रोलकडे १३४. टनामागे हिशेब केला तरी थार बरीच पुढं राहते. चार माणसं आणि सामान भरून चढताना जिम्नीला इंजिन ओरडवावं लागतं, थार कमी फेऱ्यांत निवांत जाते.

सह्याद्रीतले चढ बारा महिने कोरडे असते, तर प्रश्न इथंच मिटला असता.

लाल माती आणि घसारा

जून ते सप्टेंबर कोकणाकडच्या वाटांवर जांभ्याची लाल माती लोण्यासारखी होते. तिथं प्रश्न जोराचा नसतो, पकडीचा असतो. जड गाडी आपल्याच वजनानं रुतते आणि चाक फिरवत राहिलं की आणखी खोल जाते. हलकी जिम्नी वरच्या वर निसटते. रुतलीच तर चार जण ढकलून तिला बाहेर काढतात. थार रुतली की दोरखंड, ट्रॅक्टर आणि गावकऱ्यांचा चहा, असा सगळा कार्यक्रम होतो. १९८५ मध्ये आलेली टनभर वजनाची मारुतीचीच जिप्सी इतकी वर्षं सैन्याची आणि रॅलीवाल्यांची लाडकी राहिली, त्यातही या हलकेपणाचा वाटा मोठा आहे.

उन्हाळ्यात त्याच वाटेवर घसारा असतो. खड्ड्याखोबणीत एखादं चाक हवेत लटकतं आणि दोन्ही चाकांत जोर वाटणारं साधं डिफरन्शियल सगळा जोर त्या मोकळ्या चाकाकडे पाठवून देतं. चाक गरगर फिरतं, गाडी जागच्या जागी. यावर तिघांचे उपाय वेगवेगळे आहेत. जिम्नी त्या मोकळ्या चाकाला ब्रेक लावून जोर दुसरीकडे वळवते. थारच्या वरच्या प्रकारांत याच्या जोडीला मागच्या आसावर मेकॅनिकल लॉकही मिळतं. पुण्याच्या फोर्स मोटर्सची गुरखा मात्र पुढचं आणि मागचं, दोन्ही डिफरन्शियल चालकाच्या हातानं लॉक करू देते. खडकाळ वाटेवर तिचा हात धरणारं या तिघांत कुणी नाही.

चाकं मुळात जमिनीवर टेकलेली ठेवायची तर आसाची रचना महत्त्वाची. जिम्नी आणि गुरखाला पुढं-मागं दोन्हीकडे अखंड आस आहे. एक चाक दगडावर चढलं की दुसरं आपोआप खाली दाबलं जातं. थारचं पुढचं सस्पेन्शन स्वतंत्र आहे. एक्स्प्रेस वेवर ती त्यामुळे जास्त स्थिर वाटते, पण मोठ्या खाचांत तिचं पुढचं चाक आधी उचललं जातं.

कोन आणि पोट

नाक न घासता किती उभ्या बांधाला भिडता येतं, त्याचा कोन थारचा ४१.८ अंश, तीन दरवाजांच्या गुरखाचा ३९ आणि जिम्नीचा ३६. उंचवटा ओलांडताना पोट टेकू नये यासाठीचा कोन अनुक्रमे २७, २८ आणि २४. जिम्नी दिसायला लहान असली, तरी पाच दरवाजांमुळे तिच्या चाकांतलं अंतर २५९० मिलिमीटर आहे, थारचं २४५०. म्हणून बैलगाडीच्या वाटेवर मधला उंचवटा आधी जिम्नीच्या पोटाला लागतो. गुरखाची पाच दरवाजांची आवृत्ती तर २८२५ मिलिमीटरची. सात माणसं बसवण्याची किंमत ती नागमोडी वळणावर मोजते.

उतरताना खरी परीक्षा

चढ न जमल्यास गाडी थांबते. उतार न जमल्यास ती थांबत नाही. वरंध किंवा आंबोलीसारख्या घाटात सतत ब्रेक दाबून उतरलं, तर ब्रेक तापतात आणि ऐन वळणावर दाद देईनासे होतात. ज्या गियरमध्ये घाट चढलात त्याच गियरमध्ये उतरा, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम आजही सगळ्या इलेक्ट्रॉनिक्सच्या वर आहे. थार आणि जिम्नीत उतारावर वेग आपोआप धरून ठेवणारी सोय आहे, आणि फोर लो पहिल्या गियरमध्ये तर ब्रेकला पाय न लावताही गाडी रांगत उतरते. तेल वाचवायला इंजिन बंद करून न्यूट्रलमध्ये उतरणारे महाभाग अजूनही भेटतात. इंजिन बंद झालं की ब्रेकची मदत जाते, स्टिअरिंग जड होतं आणि वाचवलेलं तेल फार महाग पडतं.

या सगळ्या तंत्राला नेरळच्या टॅक्सीवाल्यांनी वर्षानुवर्षं वेगळंच उत्तर दिलं. सुमारे ८०० मीटर उंचीवरच्या माथेरानखाली दस्तुरी नाक्यापर्यंतचा अरुंद, उभा घाट त्यांनी ७९६ सीसीच्या मारुती ओम्नीनं पार केला, तोही माणसं भरून. ओम्नी मागच्या चाकांवर चालते, आणि चढावर भार मागं सरकतो म्हणजे नेमका जोर लावणाऱ्या चाकांवर येतो. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांची चाकं तिथंच घसरतात. त्यात ओम्नी हलकी, आखूड आणि अरुंद. रस्ता डांबरी असेल, तर अर्ध्या डोंगराला फोर बाय फोर लागतच नाही.

सात इंचांचा फरक

अरुंदपणा हा कागदावर कुणी न वाचणारा गुण आहे. जिम्नीची रुंदी १६४५ मिलिमीटर, थारची १८२०, गुरखा आणखी थोडी रुंद. हा सात इंचांचा फरक कोकणातल्या वाडीकडे जाणाऱ्या गडग्यांमधल्या वाटेवर कळतो, एसटी समोरून आली की कळतो आणि रोज रात्री लालबागच्या गल्लीत दोन स्कूटरच्या मध्ये गाडी घालताना तर सर्वांत जास्त कळतो. मध्य मुंबईकराची गाडी आठवड्याचे सहा दिवस चाळीखाली आणि एखादाच दिवस घाटात असते.

पाण्यातही नुसता कागद पुरत नाही. कंपनीच्या कागदावर थार ६५० आणि गुरखा ७०० मिलिमीटर पाण्यातून जाते. हे आकडे साचलेल्या पाण्याचे. फरशी पुलावरून ओढा वाहत असेल तर पाणी खालून उचलतं आणि बाजूनं ढकलतं, तिथं कोणतीच गाडी मोठी नसते. पाणी उतरेपर्यंत थांबायचं.

आणि जिथं गाडी चढते तिथं ती न्यावीच असं नाही. कासच्या पठारासारख्या सड्यांवर मातीचा थर बोटभर असतो, त्यातच पावसाळी फुलांचं सगळं बी असतं. एका टायरचा चर पुढची कित्येक वर्षं दिसत राहतो. वनखात्याची हद्द, गडाचा माथा आणि सडा, या तीन जागी पायीच जावं.

मग घ्यायची कोणती? दोघं-तिघं, पावसाळी वाटा आणि पार्किंगची मारामार असेल तर जिम्नी. माणसं भरून लांबचा पल्ला आणि उभे चढ असतील तर थार डिझेल फोर बाय फोर. दगडधोंड्यांतच जीव रमत असेल आणि गाडी ठेवायला गावी अंगण असेल तर गुरखा. एक मात्र दुकानात विचारून घ्या. जानेवारी २०२३ पासून थार फक्त मागच्या चाकांवर चालणाऱ्या १.५ लिटर डिझेलमध्येही मिळू लागली, आणि तिला फोर लो नाही. रूप तेच, किंमत कमी, म्हणून ती खपतेही भरपूर. ती घेणार असाल, तर आपण मरीन ड्राइव्हसाठी गाडी घेतोय, एवढं घरच्यांना आधीच सांगून टाका.