लॅपटॉपचा कीबोर्ड बंद पडला? आधी मेलेल्या बटणांची यादी करा

गेल्या पावसाळ्यात एका सकाळी मी फॉर्मवर पत्ता भरत होतो आणि ‘माण’ हा शब्द काही केल्या उमटेना. ‘हिंजवडी’ बिनचूक येत होतं. ‘पुणे’मधला ‘ण’ गायब होता. ‘माण’चं मात्र एकही अक्षर नाही, सरळ कोरी जागा!

मी मराठी इनस्क्रिप्टमध्ये टाइप करतो. त्यात ‘म’ इंग्रजी सीच्या बटणावर, ‘ण’ शिफ्ट आणि सीवर, तर काना ईच्या बटणावर असतो. म्हणजे माझ्या गावाचं अख्खं नाव दोनच बटणांवर उभं आहे. इंग्रजीत बदलून पाहिलं. ई, सी, डी आणि आकडा ३ अशी चार बटणं मेली होती. डीवर हलन्त असतो, त्यामुळे बहुतेक जोडाक्षरंही गेली.

एका दुकानात दाखवला. दोन मिनिटांत निकाल आला: “मदरबोर्ड गेलाय, बदलावा लागेल.” सांगितलेल्या खर्चात जवळजवळ नवा लॅपटॉप आला असता. चार दिवसांनी प्रबंधाचं प्रकरण गाइडना द्यायचं होतं. पण ही चारच बटणं का, याचं उत्तर त्या निकालात नव्हतं. म्हणून लॅपटॉप घेऊन घरी आलो.

कीबोर्ड म्हणजे तारांची जाळी

लॅपटॉपवर साधारण ८० ते १०० बटणं असतात. प्रत्येकाला स्वतंत्र तार दिली तर तेवढ्याच तारा लागतील. म्हणून बटणांची जाळी करतात. समजा ८ आडव्या आणि १६ उभ्या रेषा आहेत. जिथे त्या एकमेकींना छेदतात तिथे एक बटण. २४ तारांत १२८ बटणांची सोय झाली!

मदरबोर्डवरची एक छोटी चिप, जिला एम्बेडेड कंट्रोलर म्हणतात, या रेषा एकामागून एक तपासते. एका उभ्या रेषेवर संकेत सोडायचा, कोणत्या आडव्या रेषेवर तो पोचला ते पाहायचं, मग पुढची रेषा. हे सेकंदाला कित्येक वेळा चालतं. सगळ्या रेषा एका चपट्या, पातळ केबलमधून मदरबोर्डवरच्या कनेक्टरमध्ये जातात.

आता माझी यादी परत बघा. ३, ई, डी, सी. कीबोर्डवर ही बटणं एकाखाली एक येतात, आणि पुष्कळ कीबोर्डांत अशी बटणं एकाच रेषेवर जोडलेली असतात. (प्रत्येक मॉडेलची जाळी वेगळी असते. कधी एका रेषेवरची बटणं पार विखुरलेलीही दिसतील.)

चार बटणं योगायोगाने एकदम बिघडली असतील का? फक्त हिशेबासाठी धरू की एक बटण बिघडण्याची शक्यता हजारात एक आहे. मग ठरावीक चार बटणं स्वतंत्रपणे बिघडण्याची शक्यता लाख कोटींत एक होते. त्यापेक्षा चौघांना मिळून असलेली एक रेषा तुटली, हे कितीतरी पटीने पटण्यासारखं आहे.

यादी काय सांगते

* एकच बटण मेलं: बहुधा त्याच्याखाली कचरा, किंवा तेवढाच स्विच खराब.
* शेजारशेजारच्या बटणांचा एक पट्टा मेला: पाणी किंवा चहा सांडल्याचा संशय घ्या.
* ठरावीक काही बटणं एकदम गेली: जाळीतली रेषा, केबल किंवा कनेक्टर.
* सगळंच बंद: सॉफ्टवेअर, पूर्ण निसटलेली केबल किंवा कंट्रोलर.
* लहान लॅपटॉपवर अक्षरांऐवजी आकडे येतात: आधी नम लॉक बघा.

मग फुकटच्या चाचण्या

लॅबमध्ये आपण एका वेळी एकच गोष्ट बदलतो. इथेही तेच.

पहिली चाचणी: बाहेरचा यूएसबी कीबोर्ड लावा. माझ्याकडे त्यावर ‘माण’ लगेच उमटलं, म्हणजे विंडोज आणि इनस्क्रिप्ट दोन्ही निर्दोष. पासवर्डमधलंच अक्षर मेलं असेल आणि दुसरा कीबोर्ड नसेल, तर विंडोजच्या लॉगिन स्क्रीनवर खाली उजव्या कोपऱ्यात अ‍ॅक्सेसिबिलिटीचं चिन्ह असतं. तिथून पडद्यावरचा कीबोर्ड उघडतो.

दुसरी: विंडोजमध्ये ‘फिल्टर कीज’ चालू आहे का ते बघा. उजवं शिफ्ट ८ सेकंद दाबून धरलं की ही सोय चालू करण्याची खिडकी येते. ती चालू झाली की पटकन दाबलेली बटणं दुर्लक्षित होतात आणि कीबोर्ड मेल्यासारखा वाटतो.

तिसरी: लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, पॉवर बटण अर्धा मिनिट दाबून धरा, मग चालू करा. अडकलेला कंट्रोलर कधी कधी याने ताळ्यावर येतो.

चौथी, सगळ्यात महत्त्वाची: बायॉसमध्ये जा. तिथे विंडोजही नसतं आणि त्याचे ड्रायव्हरही नसतात. मी तारखेच्या रकान्यात आकडे दाबले. २ उमटला, ४ उमटला, ३ नाही. ड्रायव्हर पुन्हा टाकणं, विंडोज नव्याने बसवणं, हे सगळे उपाय तिथेच बाद झाले. तुमच्याकडे बायॉसमध्ये सगळं नीट चाललं, तर मात्र दोष सॉफ्टवेअरमध्ये शोधा.

स्वस्त संशयित आधी

आता चार संशयित उरले: कीबोर्डमधली रेषा, केबल, कनेक्टर आणि कंट्रोलर. मदरबोर्डचा संबंध मुख्यतः शेवटच्याशी, आणि तोच सगळ्यात महाग. केबल काढून परत बसवायला मात्र काहीच पैसे पडत नाहीत.

लॅपटॉप उघडायची सवय असलेल्या एका मित्राला सोबत घेतलं. वॉरंटी संपली होती. तुमची चालू असेल तर उघडू नका. सगळ्यात आधी बॅटरीचं कनेक्शन काढलं. कनेक्टरची बारीक झडप उचलून केबल सरळ ओढली. एका टोकाच्या पट्टीवर काळपट डाग होता. आयसोप्रोपिल अल्कोहोलने तो हलक्या हाताने पुसला, वाळू दिला, केबल सरळ आत सरकवून झडप लावली.

३ उमटला. मग ‘माण’ही. केबलने भागलं नसतं, तर नवा कीबोर्ड ही पुढची पायरी होती. मदरबोर्ड त्याच्याही नंतर.

दोन गोष्टींत मात्र चाचण्या करत बसू नका. कीबोर्ड किंवा टचपॅड खालून फुगल्यासारखा वर आला असेल, तर बॅटरी फुगलेली असू शकते. लॅपटॉप बंद करा, चार्जिंग थांबवा, दाबून बसवायला जाऊ नका, थेट जाणकाराकडे न्या. आणि काही सांडलं असेल तर लगेच बंद करून चार्जर काढा. ‘चालतोय का बघू’ म्हणून परत चालू करू नका. तांदळात ठेवूनही उपयोग नाही, चहातली साखर तांदूळ शोषत नाही.

दुकानात जाणार असाल तर यादी सोबत न्या: कोणती बटणं मेली, बायॉसमध्ये काय झालं, बाहेरचा कीबोर्ड चालला का. आणि विचारा, “केबल काढून बघितली का?” प्रकरण मी एक दिवस उशिरा दिलं, पण त्याच लॅपटॉपवर लिहून.