माठाचे तत्त्व आणि कूलिंग टॉवरमधील जिवाणू

माठातले पाणी ज्या कारणाने गार होते, त्याच कारणाने मोठ्या इमारतींच्या वातानुकूलन यंत्रणेतील आणि कारखान्यांतील पाणी कूलिंग टॉवरमध्ये गार होते. थोड्या पाण्याची वाफ होते आणि ती जाताना लिटरमागे सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जाते. नाशिकच्या चैत्र-वैशाखातील कोरड्या हवेत ही क्रिया उत्तम चालत असल्याने गंगापूर रोडवरील रुग्णालयांपासून शेजारच्या सातपूर औद्योगिक वसाहतीपर्यंत अशा यंत्रणांना मोठा वाव आहे. मात्र वाफ शुद्ध पाण्याची होते, क्षार आणि हवेतून आलेली धूळ मागे राहते, आणि त्या कोमट, पोषक पाण्यात जिवाणू वाढून नळ्यांच्या आतल्या बाजूस बुळबुळीत थर धरतात. या थराला बायोफिल्म म्हणतात, आणि तेवढ्याच जाडीच्या कॅल्शियमच्या क्षारथरापेक्षा तो उष्णता अधिक अडवतो, त्यामुळे वीज जास्त लागते.

प्रश्न केवळ वीजबिलाचा नाही. १९७६ च्या जुलैमध्ये अमेरिकेतील फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात भरलेल्या माजी सैनिकांच्या मेळाव्यानंतर न्यूमोनियासारख्या आजाराने ३४ जण दगावले आणि पुढच्या जानेवारीत त्याचा कारक जिवाणू सापडला, तो लेजिओनेला. तो साधारण २० ते ४५ अंश सेल्सिअस तापमानात वाढतो आणि टॉवरमधून उडणाऱ्या सूक्ष्म तुषारांबरोबर श्वासावाटे फुप्फुसात शिरतो, म्हणून रुग्णालयाच्या गच्चीवरील टॉवरकडे दुर्लक्ष करणे परवडणारे नाही.

यावरचा रूढ उपाय क्लोरीनचा. परंतु टॉवरचे पाणी बहुधा अल्कधर्मी असते आणि त्यात क्लोरीनची जंतुनाशक शक्ती घटते. मात्रा वाढवावी तर धातू गंजतो आणि क्षार साचू नयेत म्हणून वेळोवेळी सोडून दिल्या जाणाऱ्या पाण्यातून, म्हणजे ब्लोडाउनमधून, रसायने बाहेर पडतात. शहराचे सांडपाणी शेवटी गोदावरीकडेच जात असल्याने रसायनांवाचून चालेल का, हा प्रश्न नाशिकला विचारावाच लागतो.

त्याच्या उत्तरासाठी महाराष्ट्रातच मोलाचे संशोधन झाले आहे. पाणी अरुंद वाटेतून वेगाने नेले की त्याचा दाब उतरून वाफेचे बुडबुडे उमटतात आणि पुढे दाब वाढताच ते फुटतात. त्या क्षणी अतिसूक्ष्म जागेत निर्माण होणारा प्रचंड दाब व उष्णता जिवाणूंच्या पेशीभित्ती फाडते. या क्रियेस कॅव्हिटेशन म्हणतात. मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजीमध्ये अनिरुद्ध पंडित यांनी, तर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत विवेक रानडे व विनय भांडारी यांनी तिचा पाठपुरावा केला. पुण्याच्या ‘स्वस्तिक’ तंत्रात कॅव्हिटेशनला नैसर्गिक तेलांची जोड दिलेली आहे.

तरीही प्रयोगशाळेतील यश टॉवरवर जसेच्या तसे उतरत नाही, कारण तेथे पाण्याचा काही भागच उपकरणातून जातो आणि भिंतींवरचा थर शाबूत राहून पाणी पुन्हा दूषित करतो. पिट्सबर्ग विद्यापीठाने २०१० च्या सुमारास प्रतिकृती टॉवरांवर चुंबकीय, स्थिरविद्युत, स्पंदित विद्युतक्षेत्र, अल्ट्रासाऊंड आणि कॅव्हिटेशन अशी पाच प्रकारची उपकरणे तपासली, तेव्हा उपकरण नसलेल्या टॉवरच्या तुलनेत त्यांतील एकातही जिवाणूंची लक्षणीय घट आढळली नाही, क्लोरीनने मात्र ती झाली. चुंबकाच्या जाहिराती आजही जोरात असल्याने हा निष्कर्ष ध्यानी ठेवणे अगत्याचे आहे.

अधिक भरवशाचा उपाय अतिनील किरणांचा. सुमारे २५४ नॅनोमीटर तरंगलांबीचे किरण जिवाणूंच्या डीएनएवर आघात करून त्यांचे पुनरुत्पादन थांबवतात, पण गढूळ पाण्यात ते पोचत नाहीत आणि दिव्यापलीकडे त्यांचा परिणाम उरत नाही. म्हणून आधी गाळणी, नियमित घासणे-धुणे आणि तुषार अडवणाऱ्या पट्ट्या यांची जोड अपरिहार्य ठरते. व्यवस्थापकांनी कोणतेही उपकरण विकत घेण्यापूर्वी स्वतःच्याच टॉवरमधील जिवाणूंची मोजणी करवून घ्यावी, ते बसवल्यावर ती ठरावीक काळाने पुन्हा करावी, आणि आकडे उतरेपर्यंत क्लोरीन बंद करू नये.