टाकी भरली की हाक देणारा ट्रान्झिस्टर

ट्रान्झिस्टर म्हटलं की आपल्याकडे अजूनही आजोबांच्या उशाशी ठेवलेला रेडिओ आठवतो. खरं तर ते नाव रेडिओचं नव्हेच, त्याच्या पोटातल्या एका बारक्या भागाचं आहे. डिसेंबर १९४७ मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत हा भाग पहिल्यांदा चालला. त्याआधीचे रेडिओ काचेच्या नळ्यांवर चालायचे, तापायचे आणि टेबलभर जागा अडवायचे. या भागामुळे रेडिओ हातात मावू लागला आणि लोकांनी त्याचंच नाव अख्ख्या पेटीला देऊन टाकलं. आज आपण हा भाग सुटा घेऊन त्याच्याकडून घरचं एक काम करून घेऊ. छपरावरची टाकी भरली की त्यानं स्वयंपाकघरात आवाज द्यायचा.

काम छोटं वाटेल, पण वीज कधी रात्री अकराला येते, कधी पहाटे. मोटार लावून डोळा लागला की टाकी वाहत राहते. विहीर सामायिक असेल तर आपल्या अंगणात चिखल होतो आणि शेवटच्या घराला हंडाभरही मिळत नाही. भांडण होतं ते वेगळंच.

तुम्ही म्हणाल, पाण्यातून वीज वाहते, मग बॅटरी, बझर आणि पाण्यात दोन वायरी सोडल्या की झालं. करून बघा. बझर गप्प राहतो, नाहीतर जेमतेम कुरकुरतो. साध्या पाण्यातून नऊ व्होल्टच्या बॅटरीची वीज जाते ती फार थोडी, मिलिअँपिअरचा पाचवा हिस्सा धरा. बझरला लागतात दहाएक मिलिअँपिअर. पाणी खूण करतं, पण त्या खुणेत जोर नसतो.

इथे ट्रान्झिस्टर कामाला येतो. शेतात दारं धरलेलं आपण सगळ्यांनी पाहिलंय. खोऱ्यानं चार ढेकळं बाजूला केली की पाटाचं पाणी वाफ्यात वळतं. ढेकळं सारायला जोर लागतो थोडा, पण त्यामुळे पाणी वाहतं कितीतरी. ट्रान्झिस्टर विजेचं दारं धरतो. त्याच्या मधल्या पायाला इवलीशी वीज मिळाली की उरलेल्या दोन पायांमधून तिच्या शंभरपट आणि त्याहूनही जास्त वीज जाऊ शकते. ती वाढीव वीज तो स्वतः तयार करत नाही, ती बॅटरीतलीच असते. तो फक्त वाट मोकळी करतो.

दुकानात बीसी ५४७ मागा. दोन-चार रुपयांचा काळा दाणा असतो, एक बाजू चपटी, एक गोल. चपटी बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले की डावीकडचा कलेक्टर, मधला बेस आणि उजवीकडचा एमिटर. दुकानदारानं दुसऱ्या नंबरचा दिला तर पायांचा क्रम विचारून घ्या, तो वेगळा असू शकतो. बीसी ५५७ मात्र घेऊ नका. दिसायला जुळा भाऊ, पण त्याचं काम उलट्या दिशेनं चालतं. सोबत नऊ व्होल्टची बॅटरी, तिची क्लिप, बॅटरी लावताच आपणहून वाजणारा बझर आणि १० किलोओहमचा एक रेझिस्टर घ्या. त्या रेझिस्टरवर तपकिरी, काळा आणि नारिंगी असे पट्टे असतात.

आता जोडणी. बझरची लाल वायर बॅटरीच्या अधिक टोकाला आणि काळी वायर कलेक्टरला. एमिटर थेट बॅटरीच्या उणे टोकाला. बेसला रेझिस्टर जोडा, रेझिस्टरच्या दुसऱ्या टोकाला एक लांब वायर. दुसरी लांब वायर बॅटरीच्या अधिक टोकापासून. या दोन्ही वायरींची मोकळी टोकं टाकीत जाणार. रेझिस्टर दिसायला क्षुल्लक, पण तो गाळू नका. वायरी चुकून एकमेकींना टेकल्या तर बॅटरीचा सगळा जोर बेसवर येऊन ट्रान्झिस्टर जळतो. रेझिस्टर असला तर नुसता बझर वाजतो.

डाख देता येत नसेल तर वायरमनकडे मिळते ती स्क्रूची कनेक्टर पट्टी चालते. डाख देणार असाल तर ट्रान्झिस्टरचा पाय चिमट्यानं धरा म्हणजे उष्णता वर चढत नाही. काम झाल्यावर हात धुवा, कारण डाखात शिसं असतं.

टाकीवर चढण्याआधी खालीच परीक्षा घ्या. दोन्ही मोकळी टोकं दोन बोटांच्या चिमटीत धरा. मग बोटं ओली करून पुन्हा धरा. ओल्या बोटांना बझर जास्त जोरात वाजतो. कोरड्या कातडीपेक्षा ओल्या कातडीतून जास्त वीज जाते, हे इथे कानानं कळतं. ओल्या हातानं बटणाला हात लावू नका असं सांगतात ते उगाच नाही. नऊ व्होल्टला काही जाणवत नाही, घरातल्या २३० व्होल्टला जीव जातो. म्हणून या जोडणीला बॅटरीच लावायची. भिंतीतल्या प्लगचा अडॅप्टर किंवा मोबाइलचा जुना चार्जर नको, कारण वायरी पाण्यात सोडलेल्या आहेत. आवाज झाला की मोटारही आपोआप बंद व्हावी असं वाटणं साहजिक आहे, पण ते काम जाणत्या वायरमनचं. आपण आवाज ऐकावा आणि कोरड्या हातानं बटण बंद करावं.

टाकीत दोन्ही टोकं काठापासून चार बोटं खाली, एकमेकींपासून बोटभर अंतरावर बांधा. तांब्याची उघडी तार पाण्यात हिरवी पडते आणि झिजते, त्यातही अधिक टोकाची आधी. त्यामुळे टोकांना स्टेनलेस स्टीलचे स्क्रू लावलेले बरे. टाकी लोखंडी असेल तर ते पत्र्याला टेकू देऊ नका. बझर वाजतच राहिला तर बहुधा वरचा सांधा ओला झालेला असतो. वाजलाच नाही तर ट्रान्झिस्टरचे पाय उलटे लागलेत का ते आधी बघा.

हीच जोडणी उन्हाळ्यात गच्चीवर पापड-कुरडया वाळत घातल्यावरही वापरता येते. वळवाचा काही भरवसा नसतो. एका फळीवर दोन उघड्या तारा जवळजवळ ताणा. पावसाच्या पाण्यातून वीज कमी जाते, म्हणून तारांखाली मिठाच्या पाण्यात बुडवून कडक वाळवलेलं फडकं ठेवा. थेंब पडला की मीठ विरघळतं आणि खाली बझर ओरडतो. दमट हवेत मात्र मीठ आपणहून ओल धरतं आणि बझर उगाच वाजतो. पावसाळा सुरू झाला की हे फडकं काढून टाका.

बझर वाजत नसतो तेव्हा बॅटरीतून जवळजवळ काहीच जात नाही, त्यामुळे ती बरेच महिने टिकते. आठवड्यातून एकदा दोन्ही टोकं एकमेकींना टेकवून आवाज येतो ना, तेवढं बघत जा.