परमुलखातील बिऱ्हाड

एकटा माणूस परगावी जातो तेव्हा त्याला खोली आणि खानावळ पुरते. गिरणगावात आलेला कोकणी चाकरमानी बहुधा असाच राहिला. त्याचे घर गावीच होते. पण बायकामुलांसकट जो मुलूख बदलतो त्याला शाळा लागते, दवाखाना लागतो, आणि काही वर्षांनी मुलीला स्थळ लागते. ह्या शेवटच्या गरजेचा विचार निघताना सहसा कोणी करीत नाही.

ह्याचे एक जवळचे उदाहरण घेऊ. बेने इस्रायल हे आपल्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातले ज्यू. ते तेलाचे घाणे चालवीत व शनिवारी बंद ठेवीत, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणे. पेणकर, दिवेकर, किहीमकर अशी त्यांची आडनावे आणि घरची भाषा मराठी. पुढे पुष्कळजण मुंबईत कारकुनीत, रेल्वेत, सुतारकामात शिरले. १९४८ साली इस्रायल राष्ट्र झाले, १९५० च्या कायद्याने कोणाही ज्यूला तेथे वसण्याचा हक्क मिळाला, आणि कुटुंबेच्या कुटुंबे निघाली. येथे त्यांचा कोणी छळ केला नव्हता, हे मुद्दाम सांगितले पाहिजे.

आरंभी तेथे तंबूंच्या आणि पत्र्याच्या झोपड्यांच्या छावण्या होत्या. पुढे अनेकांना दक्षिणेकडे, नेगेव वाळवंटातल्या बीरशेबा व दिमोना ह्या गावी घरे मिळाली. दिमोना तर १९५५ सालीच वसविलेले. कोकणचा पाऊस अंगावर घेतलेली ही माणसे! दिमोनात कापडगिरण्या निघाल्या, त्यांत काम मिळाले. पण मुंबईत इंग्रजी लिहिणाऱ्या कारकुनाला हिब्रू येईना, तेव्हा त्याच्या हाती फावडे आले. हिब्रू शिकविण्यासाठी उल्पान नावाचे वर्ग होते. अक्षरे बावीस, ओळ उजवीकडून डावीकडे. मुले ती खेळताखेळता उचलतात, बापाला मात्र पोटामागे धावताना वर्गाला वेळ नसतो. मग कचेरीत मुलगा बोलतो आणि बाप शेजारी उभा राहतो. घरातला वडीलकीचा मान असा गुपचूप सरकतो. आमच्या मते परमुलखातली सर्वांत अवघड मजुरी हीच.

एक व्यवस्था मात्र आम्हां युनियनवाल्यांना हेवा वाटावा अशी होती. हिस्ताद्रुत ह्या १९२० साली स्थापन झालेल्या कामगार महासंघाचा स्वतःचा आजारनिधी होता. सभासद झालात की कुटुंबाच्या औषधपाण्याची सोय झाली. १९९५ साली राष्ट्रीय आरोग्यविमा येईपर्यंत ही जोडी टिकली. नवख्या माणसाला वर्गणीचा अर्थ भाषणाने नव्हे, पोराच्या तापाने कळतो.

तरीही मने बसली नाहीत. काम हलके मिळते, रंगावरून बोलतात, ही तक्रार घेऊन १९५१ साली काही कुटुंबांनी तेल अविवमध्ये ठिय्या दिला. मागणी एकच, आम्हांला हिंदुस्थानात परत पाठवा. १९५२ साली त्यांतले काही परत आले, आणि नवल असे की पुढे त्यांतल्या अनेकांनी पुन्हा इस्रायलला जाऊ द्या म्हणून अर्ज केले. ह्याला कोणी धरसोड म्हणेल, आम्ही म्हणणार नाही. सोडलेले घर कोणासाठी जागा राखून थांबत नाही.

आता स्थळाचा प्रश्न. इस्रायलमध्ये ज्यूंची लग्ने धर्मपीठाकडे नोंदली जातात. १९६२ साली प्रमुख रब्बींच्या नियमाने असे ठरले की, बेने इस्रायल वधूवरांच्या आईची, आजीची, आणि जमेल तितक्या मागच्या पिढ्यांची चौकशी करावी. आपल्या भाषेत सांगायचे तर रोटीव्यवहार मान्य, बेटीव्यवहाराला दाखला आणा! ज्या धर्मासाठी मुलूख सोडला त्याच धर्माच्या दारात ही अडवणूक. येथे शनिवार पाळणारा म्हणून ओळखला गेलेला माणूस तेथे ज्यू आहे की नाही, ह्याचीच शंका!

ह्या वेळी मात्र परत पाठवा अशी मागणी झाली नाही. १९६४ च्या उन्हाळ्यात लोक जेरुसलेमात ठिय्या देऊन बसले आणि त्यांनी बरोबरीचा हक्क मागितला. आम्हांला ह्या दोन ठिय्यांतला फरक फार मोलाचा वाटतो. पहिला पाहुण्यांचा होता, दुसरा घरच्यांचा. ऑगस्टमध्ये क्नेसेटने, म्हणजे तेथील संसदेने, बेने इस्रायल हे सर्व बाबतीत ज्यूच होत असा ठराव केला. त्यानंतर धर्मपीठाने नियमातून त्यांचे नाव काढले आणि ज्याच्या कुळाविषयी शंका असेल अशा कोणाचीही चौकशी व्हावी, असे शब्द घातले. नाव गेले, चौकशी राहिली.