हिरव्या पाइनवनाखालची थकलेली माती

अमेरिकेच्या आग्नेय राज्यांतून प्रवास करताना लॉबलॉली पाइनची सरळसोट वने महामार्गाच्या दोन्ही बाजूंना मैलोन्‌मैल सोबत करतात. त्यांचा दाट हिरवेपणा पाहून ही जमीन जात्याच सुपीक असावी, असे वाटते. वस्तुस्थिती बरीचशी उलट आहे.

दक्षिण कॅरोलिनातील पीडमाँट प्रदेशात पिढ्यान्‌पिढ्या कापूस पिकला. आधी गुलामांच्या, नंतर कर्जात रुतलेल्या वाटेकऱ्यांच्या श्रमांवर. उतारावरची सुपीक माती पावसाबरोबर वाहून गेली, खालची तांबडी चिकणमाती उघडी पडली आणि अनेक शेते ओस पडली. अशाच जमिनीवर, कॅलहून प्रायोगिक वनात, 1950 च्या दशकात पाइनची रोपे लावण्यात आली. पुढे अनेक दशके तेथील मातीचे नमुने ठरावीक काळाने घेऊन जतन करण्यात आले.

झाडे जोमाने वाढली. सुमारे 1200 मिलिमीटर पाऊस आणि लांबलचक उबदार हंगाम त्यांना अनुकूल होता. शिवाय कापसासाठी घातलेल्या खताचा व चुन्याचा अंश मातीत उरला होता. परंतु चार दशकांत मातीतील नत्र खोडाफांद्यांत आणि जमिनीवर साचलेल्या पालापाचोळ्यात गेले. कॅल्शियम व मॅग्नेशियम घटले, माती अधिक आम्ल झाली. वनाची वाढ ही मातीच्या जुन्या शिलकीतून केलेली उचल होती.

मग वाढीला अधिक निर्णायक काय, पाणी की पोषण? उत्तर कॅरोलिनातील रेताड जमिनीवर 1992 मध्ये सुरू झालेल्या प्रयोगात पाइनच्या काही खंडांना केवळ पाणी, काहींना केवळ खत, तर काहींना दोन्ही देण्यात आले. ओल धरून न ठेवणाऱ्या त्या मातीतही पाण्याने वाढ मर्यादितच सुधारली. खताने मात्र ती चार वर्षांत दुपटीहून अधिक झाली. पोषण मिळाले की सुईसारखी पाने अधिक फुटतात, सूर्यप्रकाश अधिक टिपला जातो आणि लाकूड अधिक तयार होते. किनारी मैदानातील पाणथळ चिकणमातीत बहुधा स्फुरदाची उणीव असते. तेथे लागवडीच्या वेळी दिलेले स्फुरद दीर्घकाळ पुरते.

हवामान वाढीची कमाल मर्यादा आखते. तिच्या किती जवळ पोहोचायचे, हे बहुतांशी माती ठरवते. म्हणून तोडणीच्या वेळी केवळ खोडे नेऊन फांद्या व पाने जागीच ठेवली, तर पोषकद्रव्यांचा मोठा वाटा जमिनीला परत मिळतो. वर वन हिरवे झाले, एवढ्यावरून खालच्या मातीची झीज भरून निघाली, असे मानता येत नाही.