युद्धकथेची घडण

महाडच्या दक्षिणेस पोलादपूर आणि त्याच तालुक्यात डोंगरांच्या कुशीत उमरठ हे गाव आहे. तेथे तानाजी मालुसऱ्याची समाधी आहे. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री कोंढाणा जिंकताना हा वीर धारातीर्थी पडला. या प्रसंगावर शाहीर तुळशीदासाने रचलेला पोवाडा मराठी मुलखात पिढ्यान् पिढ्या गाइला गेला. आता प्रश्न असा, की शेवट ठाऊक असूनही श्रोते रात्रभर का खिळून राहत?

शाहीर घाईने गडावर चढत नाही. तो आधी श्रोत्यांना उमरठास नेतो. तेथे रायबाच्या लग्नाची तयारी चालली आहे आणि अशा वेळी महाराजांचे बोलावणे येते. लग्नघर डोळ्यांपुढे उभे राहिले, की मागे काय सोडून वीर निघाला हे निराळे सांगावे लागत नाही. पुढे किल्लेदार उदेभान येतो. त्याचा आहार अचाट, बळ अफाट, आणि दिमतीला मत्त हत्ती! शत्रू जितका मोठा, तितका त्याच्याशी झुंजणारा थोर ठरतो. कडा चढण्याची वेळ येते तेव्हा घोरपड मागे फिरते. ती एका दमात वर गेली असती, तर श्रोत्यांनी श्वास कशासाठी रोखला असता? अखेरीस नायक पडतो आणि ऐंशी वर्षांचा शेलारमामा पुढे सरसावतो.

या युक्त्या केवळ पोवाड्याच्या नव्हेत. ताऱ्याताऱ्यांमधील युद्धांच्या विज्ञानकथांतही त्या आढळतात. एच. जी. वेल्स याच्या १८९८ सालच्या कादंबरीत मंगळावरून आलेल्या शत्रूपुढे माणसांच्या तोफा दुबळ्या ठरतात. जो हाल्डमन या अमेरिकन लेखकाच्या १९७४ सालच्या कादंबरीतील सैनिक प्रकाशाच्या वेगाच्या जवळपास प्रवास करतात. त्यामुळे त्यांचे वय थोडेच वाढते. परंतु पृथ्वीवर शतके लोटतात आणि परतावे तर ओळखीचे घर उरलेले नसते. रायबाच्या लग्नघराचेच हे दूरचे रूप होय.

मात्र युक्ती आणि घटना यांची गल्लत होऊ नये. कृष्णाजी अनंत सभासदाने तानाजीच्या मृत्यूनंतर पंचवीसएक वर्षांनी आपली बखर लिहिली. तीत घोरपड नाही. मावळे वानरांप्रमाणे कडा चढून गेले, एवढेच आहे. ‘सिंहगड’ हे नाव तानाजीच्या मरणानंतर पडले, अशीही समजूत आहे; पण ते नाव १६७० पूर्वीच्या कागदपत्रांत आढळते. कथेला ते फार शोभले, म्हणून ती समजूत टिकली असावी.

तरीही बखरीचे कोरडे गद्य एके ठिकाणी पोवाड्याइतकेच हलवून सोडते. झुंजीत तानाजीची ढाल तुटली. दुसरी वेळेवर मिळाली नाही. तेव्हा त्याने डाव्या हाताचीच ढाल केली, त्यावर वार झेलले आणि तो लढत राहिला. तो पडल्यावर त्याचा भाऊ सूर्याजी याने मावळ्यांना सावरून गड घेतला. बखरकाराने हे मोजक्या वाक्यांत सांगितले आहे. तेथे त्याला कोणतीही युक्ती लागली नाही.