जोडेघाटचे नाव, हैदराबादचा आदेश

हैदराबादच्या सचिवालयातून ३० मे २०२५ रोजी एक शासकीय आदेश निघाला. कवाल आणि ताडोबा या दोन व्याघ्र प्रकल्पांना जोडणारे, आसिफाबाद जिल्ह्यातील सुमारे दीड लाख हेक्टर जंगल त्या आदेशान्वये संवर्धन राखीव क्षेत्र ठरविण्यात आले आणि त्यास नाव देण्यात आले कुमरम भीम यांचे. ज्याने निजामी वनखात्याच्या जाचाविरुद्ध शस्त्र उचलले आणि त्यापायी प्राण दिला, त्याचेच नाव वनखात्याच्या आदेशावर झळकावे, यापरता दैवदुर्विलास तो कोणता? कायद्याप्रमाणे असे क्षेत्र घोषित करण्यापूर्वी स्थानिक लोकांशी विचारविनिमय करणे सरकारवर बंधनकारक आहे. आपणांस कोणी विचारलेच नाही, ही तेथील गावांची तक्रार होती. आदिवासी संघटना रस्त्यावर उतरल्या, जिल्ह्यात बंद पुकारला गेला आणि जुलै २०२५ मध्ये सरकारला तो आदेश स्थगित ठेवावा लागला.

हैदराबाद संस्थानाच्या मुक्तिलढ्याची गाथा सांगताना आपण १९३८ च्या सत्याग्रहापासून १७ सप्टेंबर १९४८ पर्यंतचे टप्पे भक्तिभावाने मोजतो. त्या मालिकेत १९४० सालच्या जोडेघाटाला मात्र क्वचितच जागा मिळते. हा अन्यायच म्हटला पाहिजे. आदिलाबादच्या डोंगरातील गोंडांना मताधिकार नको होता की मंत्रिमंडळ. वनखात्याने राखीव जंगलाच्या रेषा ओढल्या, त्या रेषांच्या आत वाडवडिलांची गावे आणि शेते सापडली. गुरे चारायला आणि लाकूड तोडायला दंड भरावा लागू लागला. उरलेल्या काळ्या जमिनीचे पट्टे बाहेरून आलेल्या सावकारांच्या आणि जमीनदारांच्या नावे चढले. जोडेघाटच्या परिसरातील बारा गावांचा कारभार आम्हांस करू द्या, एवढीच भीमाची मागणी होती. तिचे उत्तर गोळ्यांनी देण्यात आले.

बंड मोडल्यावर निजाम सरकारला त्याची कारणे जाणून घेण्याची बुद्धी झाली. ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ हे गोंडांमध्ये जाऊन राहिले, त्यांची भाषा शिकले आणि जमीन हिरावली गेली हेच दुःखाचे मूळ आहे, असे त्यांनी सरकारला स्पष्टपणे कळविले. पुढे हजारो कुटुंबांना पट्टे मिळाले. १९४३ मध्ये मार्लवाई येथे गोंड शिक्षकांचे प्रशिक्षण सुरू झाले. त्यासाठी गोंडी भाषेची जी पाठ्यपुस्तके झाली ती देवनागरी लिपीत, ही गोष्ट मराठी वाचकास मुद्दाम सांगावीशी वाटते.

पट्टा मिळाला म्हणजे सर्व मिळाले, असे मात्र नव्हे. जून २०२३ मध्ये तेलंगणा सरकारने सुमारे दीड लाख आदिवासी शेतकऱ्यांना चार लाख एकर पोडू जमिनीचे हक्क वाटले. ते काम स्तुत्यच होते. परंतु पट्टा कुटुंबाचा असतो, जंगल गावाचे असते. २००६ च्या वनहक्क कायद्याने गावाचे जंगल राखण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे. एकत्रित आंध्र प्रदेशाच्या काळात सामूहिक हक्काची पत्रे निघाली ती बहुतांशी वनखात्याने घडविलेल्या वन संरक्षण समित्यांच्या नावे. म्हणजे मालकाला चावी देण्याऐवजी ती पहारेकऱ्याकडेच ठेवण्याचा प्रकार.

चावी मालकाच्या हाती दिली तर काय घडते, हे पाहण्यासाठी प्राणहितेच्या अलीकडे, आपल्या गडचिरोली-चंद्रपुरात आले तरी पुरे. तेथेही तेच गोंड, तेच साग आणि तोच मोह. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. तरीही स्वतःचा बांबू विकण्यासाठी वाहतूक परवाना मिळेना. अखेर एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्र्याने गावात येऊन परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. गोंडपिपरी तालुक्यातील पाचगावची गोष्ट याहून बोलकी आहे. २०१२ मध्ये १,००६ हेक्टरांवर हक्क मिळताच ग्रामसभेने बांबूची तोड आणि विक्री स्वतः हाती घेतली. तेंदूपानाचा धंदा मात्र बंद केला. पानांसाठी फांद्या छाटल्या जातात, रानात वणवे लावले जातात आणि झाडाला फळ धरत नाही, असे गावाने पाहिले होते. हाती येणारा रोख पैसा सोडण्याचा हा निर्णय कोणत्या खात्याने, कोणत्या परिपत्रकाने करून घेतला असता? जंगलाचा एक भाग त्यांनी देवाचा म्हणून अस्पर्श ठेवला. बांबूच्या मजुरीने घरे चालू लागली आणि कामासाठी परमुलखी जाणारी माणसे गावात राहिली. सुखाची याहून साधी व्याख्या आम्हांस तरी ठाऊक नाही: माणूस आपल्या घरी, मूल शाळेत आणि जेवणात रानभाजी.

दुसरी बाजू नाही असे नव्हे. पोडूसाठी झाडे पडतात हे खरे आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये भद्राद्री कोठागुडेम जिल्ह्यात याच वादातून एका कर्तव्यदक्ष वनाधिकाऱ्याचा जीव गेला, त्याचे समर्थन कोणी करू नये. वाघालाही वाट हवीच. परंतु ज्यांच्या शेताच्या बांधावरून तो जाणार, त्यांना शत्रू मानून ती वाट राखण्याइतके मनुष्यबळ कोणत्या खात्याकडे आहे?

आमची सूचना लहानशी आहे. असा आदेश पुन्हा काढावयाचा असेल, तर प्रथम त्याचा मसुदा गोंडीत करावा आणि पुष्य अमावास्येच्या सुमारास केसलापूरला नागोबाची जत्रा भरते, तेथील दरबारात तो मोठ्याने वाचावा. हा दरबार १९४० च्या दशकात हायमेनडॉर्फ यांच्याच सूचनेवरून सुरू झाला. अधिकाऱ्यांनी डोंगरात यावे, जमिनीवर बसावे आणि आदिवासींचे गाऱ्हाणे ऐकून घ्यावे, यासाठीच तो भरविला गेला होता.